यवतेश्वरचा उतार

शुक्रवार

सोलापूर स्टँडवरून सकाळी सातला सातारा गाडी मिळाली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी एकटीने लांबचा प्रवास करायला मागेपुढे पाहत नाही. सॅकमध्ये पळायचे बूट, दोन टी-शर्ट, ओआरएसच्या पुड्या आणि मावशीसाठी शेंगा चटणी न् कडक भाकरी. सॅक वर रॅकवर ठेवली नाही, मांडीवरच घेतली. बूट हरवले तर सगळंच हरवलं, नव्या बुटात एकवीस किलोमीटर पळता येत नाही.

माझं वय 48. औषधांचं दुकान आहे, दिवसभर काउंटरमागे उभी असते. तीन वर्षांपूर्वी सिद्धेश्वर तलावाभोवती चालायला लागले, चालता चालता पळायला लागले. सपाटीवरच्या तीन हाफ मॅरेथॉन झाल्या, त्यातली सगळ्यात चांगली वेळ 2 तास 25 मिनिटं. या वर्षी मात्र साताऱ्याची हिल मॅरेथॉन करायचीच असं ठरवलं होतं. आमच्या ग्रुपमधले जे जाऊन आले त्यांच्या बोलण्यात एक वेगळाच आदर असायचा. पहिले साडेदहा किलोमीटर चढ, मग वळायचं आणि तेवढाच उतार. बोलताना सगळे चढाबद्दलच बोलायचे, मीही चढाचीच तयारी केली.

आता सोलापुरात चढ आणायचा कुठून? गाव सपाट, आमचा किल्लासुद्धा भुईकोट. म्हणून आम्ही चार-पाच जण रविवारी पहाटे गाडी काढून तुळजापूरच्या घाटाखाली जायचो. घाट पळत चढायचा, वर आईचं दर्शन घ्यायचं, चहा-पोहे खायचे आणि गाडीतून खाली यायचं. असे सात रविवार केले. उतारावर गुडघे झिजतात, ते नको, असं आमच्यात सगळ्यांचं मत होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे रविवारी त्याचा हिशेब द्यावा लागला.

पंढरपूर गेलं, म्हसवड गेलं. गोंदवल्याला गाडीतल्या निम्म्या लोकांनी हात जोडले. हा माणदेश. सप्टेंबर उजाडला तरी माळ पिवळट, मधेच बाजरीचा एखादा हिरवा तुकडा. धावपटू ललिता बाबर याच माण तालुक्यातल्या मोहीची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत गेलेली भारताची ही पहिली बाई. दहिवडीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा पाठीवर दप्तर घेतलेल्या दोन मुली सुटणारी दुसरी एसटी पकडायला धावत आल्या. पायात साध्या चपला, तरी काय पळत होत्या! माझं लक्ष त्यांच्या टाचांकडेच.

पुसेगावनंतर रंग पालटायला लागला. कोरेगाव आलं तोवर शेतं ओली, आणि माहुलीला कृष्णेच्या पुलावर आभाळ खाली उतरलेलं. एका दिवसात, एकाच जिल्ह्यात, कोरड्या माळावरून भिजलेल्या डोंगरापाशी आले. पुढे अजिंक्यतारा दिसला, माथ्यावरचा टॉवर ढगात अर्धा गेलेला.

मावशीचं घर समर्थ मंदिराजवळ. जुनं घर, रस्त्याला लागून ओटा. मॅरेथॉन बरोबर त्या ओट्यासमोरून जाते. मावशीचं वय 72. दारातच म्हणाली, "म्हणजे पळत पळत वर जाणार आणि परत खालीच येणार. मग अगं, खालीच थांब की!" आणि मग माझ्या हातातली सॅक ओढून घेतली, "आत ये, पाय धू."

शनिवार

सकाळी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायला गेले. सोबत मावशीच्या शेजारचे काका आले. वय 67, बरीच वर्षं ही शर्यत पळतात. 2012 साली ती पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी कास पठार पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. काकांच्या बोलण्यात या दोन गोष्टी एकत्रच यायच्या, जणू एकाच घरातली दोन कार्यं. पुढे डोंगरी शर्यतीत सगळ्यात जास्त धावपटू म्हणून गिनीज बुकातही नोंद झाली. "पण नोंदीचं सोड," काका म्हणाले, "उद्या गाव बघ."

बिब घेतला. मागच्या बाजूला चिकटवलेली टायमिंगची चिप बोटाने चाचपून पाहिली. चारही कोपऱ्यांना टाचण्या मोजून घेतल्या. परत आल्यावर काकांनी मला मावशीच्या ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "बूट दाखव."

बुटाला सगळ्यात वर, घोट्यापाशी, एक जादा भोक असतं. मी ते तीन वर्षांत कधी वापरलं नव्हतं. काकांनी लेस त्या भोकातून त्याच बाजूने आत घातली, तिथे छोटा फासा तयार झाला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी लेस उजव्या फाशातून आणि उजवी डाव्या फाशातून काढून मागे ओढली. टाच बुटात अशी गच्च बसली की पाऊल पुढे सरकेचना.

"चढताना हे नको," ते म्हणाले. "चढताना पाय फुगतो, घोटा मोकळा पाहिजे, साधी गाठ मार. वर वळलीस की थांब. एक मिनिट जाईल. जाऊ दे. असं बांध आणि मग खाली ये. नाहीतर घाटभर अंगठा बुटाच्या नाकावर आपटत राहील."

मी दोनदा बांधून दाखवलं. काकांनी मान हलवली.

दुपारी मावशीने साधं वरण-भात, बटाट्याची भाजी केली. तिखट नको, कडधान्य नको, हे तिला आवडलं नाही, पण केलं. कंदी पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला, "उद्या आलीस की." संध्याकाळी चार भिंतींपर्यंत चढून जावं असं फार वाटत होतं, 1857 च्या हुतात्म्यांचं ते स्मारक मी लहानपणी पाहिलंय. पाय राखायचे म्हणून गेले नाही. साडेआठला आडवी झाले. झोप लागली ती बाराच्या पुढे.

रविवार

साडेतीनला उठले. अर्धा कप चहा, एक केळं, दोन खजूर. बाहेर भुरभुर. काका बरोबर पाच वाजता ओट्याशी उभे, डोक्याला रुमाल बांधलेला.

पोलीस परेड ग्राउंडवर अंधारातच हजारो माणसं. पुण्याचे, मुंबईचे, कोल्हापूरचे ग्रुप, प्रत्येकाचा टी-शर्ट वेगळा. बामचा वास सगळीकडे. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा पाण्याबरोबर गोळी घेत होता. पाकीट पाहिलं, डायक्लोफेनॅक. मी त्याला न राहवून सांगितलं, आणि इथेही सांगते, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. पळायच्या आधी किंवा पळताना पेनकिलर घेऊ नका. तासन् तास घाम गेल्यावर मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. या गोळ्या तो आणखी आवळतात. शिवाय दुखणं ही शरीराने दिलेली सूचना असते, तीच बंद होते. मुलगा म्हणाला, "ताई, सगळेच घेतात." सगळेच घेतात म्हणून तर दुकानात बसून माझा जीव वर-खाली होतो. त्याने उरलेलं पाकीट खिशात ठेवलं. मी एक ओआरएसची पुडी त्याच्या हातात दिली.

सुरुवात झाली. पहिले चार किलोमीटर गावातून, आणि गावच मुळात चढावर वसलेलं. शाहू चौक, अदालतवाडा. सकाळ नीट उजाडली नव्हती तरी दोन्ही बाजूंना माणसं उभी. शाळेची मुलं लेझीम खेळत होती, एका कोपऱ्यावर ढोल-ताशा. एका वाड्याच्या दारात आजीबाई खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवत होत्या, दमल्या की डावा, मग पुन्हा उजवा. लहान पोरं टाळीसाठी हात पुढे करून रांगेत. मी एकही हात चुकवला नाही. काका म्हणाले होते गाव बघ, ते हे. नावगाव माहीत नसलेल्या माणसांसाठी लोक झोप मोडून पावसात उभे होते. अजून लिहिताना गळा दाटतो.

मावशी ओट्यावर उभी होती, हातात तांब्या. "पाणी घे!" मी नको म्हणून हात केला, तेव्हा ती रस्त्यावर उतरून चार पावलं माझ्याबरोबर चालली.

सज्जनगडाचा रस्ता बोगद्यातून जातो. आम्ही बोगद्यात न शिरता यवतेश्वरच्या घाटाला लागलो. इथून खरा चढ. बोलणारे गप्प झाले, शेकडो बुटांचा आवाज आणि श्वास एवढंच ऐकू येत होतं. तुळजापूरच्या घाटाने मला एक शिकवलं होतं, की श्वास हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर पाय आखूड टाकायचा, तरी नाही आलं तर चालायचं. मी मनात "उदे गं अंबे उदे" म्हणत होते. ते तुटलं की चाल. वळणं तीव्र असतील तिथे चालले, सैल असतील तिथे पळले. माझ्यापुढे सुसाट गेलेले बरेच जण सातव्या किलोमीटरला कठड्याला टेकलेले दिसले.

ढग अधूनमधून फाटायचा. मग खाली अख्खं सातारा, कौलं, गच्च्या, पलीकडे अजिंक्यतारा. छत्रपती शाहू महाराजांनी या डोंगराच्या पायथ्याशी शहर वसवलं. वरून पाहिलं की जागा का निवडली ते कळतं, पाठ डोंगराला आणि तोंड नद्यांकडे. कातळातून पाण्याच्या धारा रस्त्यावर येत होत्या. पाण्याच्या टेबलावर मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी होत्या, दोन घेतल्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून प्रत्येक टेबलावर दोनच घोट.

यवतेश्वर मागे पडलं आणि रस्ता सपाट झाला, वारा अंगावर आला. प्रकृती रिसॉर्टपाशी वळण. तिथे गाणी, माणसं, कमान. घड्याळ पाहिलं, 1 तास 33 मिनिटं. चढ साधारण चारशे मीटर झाला होता आणि माझ्यात दम शिल्लक होता. मी ठरवलेल्या वेळेपेक्षा सात मिनिटं आधी होते. उतार 1 तास 9 मिनिटांत झाला तर 2 तास 42 मिनिटं. हा हिशेब मी चालत्या पायावर केला.

लेसची आठवण झाली. खोटं कशाला सांगू, नीट आठवण झाली, काकांचा आवाजसुद्धा कानात आला. पण सगळे वळून धडाधड खाली सुटले होते, पाऊल आपोआप पुढे पडत होतं, आणि एक मिनिट थांबणं जिवावर आलं. मी थांबले नाही.

पहिले दोन किलोमीटर स्वर्ग होता. न दमता वेग. समोरून अजून चढणारे येत होते, त्यांना "शाब्बास, आलंच!" म्हणत मी खाली. तेराव्या किलोमीटरला उजवा अंगठा दुखायला लागला. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे घसरत होता आणि नख समोर आपटत होतं. वेग धरला तर आपट, ब्रेक लावला तर मांडीवर भार. मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम उतारावर उलटं असतं. चढताना तो आखडून अंग वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचा भार रोखून धरतो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. दम लागत नाही, म्हणून ते आत चाललेलं कळत नाही. हे कामही सरावाने अंगवळणी पडतं. एकदा उतरून दुखून बरा झालेला स्नायू पुढच्या वेळी तेवढा दुखत नाही. आणि मी सातही रविवार गाडीत बसून खाली आले होते.

चौदाव्या किलोमीटरच्या पुढे थांबले. कठड्यावर पाय ठेवला आणि गाठ सोडायला गेले, तर ती सुटेना. पावसाने लेस फुगलेली, साधीच गाठ पण भिजून दगड झालेली. बोटं गारठलेली. नखाने कोरते, सरकते, पुन्हा घट्ट होते. डोळ्यात पाणीच आलं. तिथे रेनकोट घातलेली एक शाळकरी मुलगी ग्लास गोळा करत होती. ती आली, खाली बसली. "ताई, पाय सैल सोडा. तुम्ही ओढताय." केसातली पिन काढली, तिचं टोक गाठीत घालून हळूच हलवलं, एक पदर मोकळा झाला, मग दुसरा. मी दोन्ही बुटांच्या लेस काकांसारख्या बांधल्या, फासा, आडवी, मागे ओढ. चार मिनिटं गेली. तिने पिन पुन्हा केसात खोचली आणि म्हणाली, "जावा आता."

अंगठा आपटायचा थांबला. मांड्यांचं जे व्हायचं ते झालेलं होतं. सोळाव्या किलोमीटरला डावी मांडी अशी आखडली की पाय सरळही होईना आणि वाकेनाही. कठड्याला धरून टाच मागे घेतली, हळूहळू ताण दिला, वीसपर्यंत मोजलं. मागून काका आले. वळणावर मी त्यांच्या बरीच पुढे होते. एका लयीत, लहान लहान पावलं, गुडघे थोडे वाकलेले, आवाज न करता. "आखडलं? लांब पाऊल टाकू नको. पाय अंगाखाली पडू दे." एवढंच बोलले आणि माझ्या शेजारी लागले. लेसचं विचारलं नाही. बुटाकडे एकदा पाहिलं फक्त.

बोगद्यापासून पुढे गाव, मावशीचा ओटा. या वेळी तांब्या घेतला, निम्मा प्यायले, निम्मा मांडीवर ओतला. मावशी म्हणाली, "बस घटकाभर." बसले असते तर उठले नसते. काकांनी मला पुढे घातलं. शेवटचे दोन किलोमीटर मला नीट आठवत नाहीत, फक्त लेझमीचा आवाज आठवतो, सकाळपेक्षा मोठा. तीन तास झाले तरी ती मुलं नाचत होती.

2 तास 56 मिनिटं. चढाला 1 तास 33, उताराला 1 तास 23. गळ्यात मेडल पडलं तेव्हा काकांच्या पाया पडायला वाकले आणि तिथेच अडकले. दोघांनी धरून सरळ केलं.

दुपारी मावशीने पेढा तोंडात घातला. इतका वेळ मीठ आणि संत्रं चाखल्यावर तो खव्याचा भाजका गोडवा! एकामागून एक चार खाल्ले.

सोमवार

सकाळी ओट्याच्या तीन पायऱ्या उलट्या उतरले, तोंड घराकडे करून. अंगठ्याचं नख काळंनिळं. तरी कासला जायचंच होतं. मावशी म्हणाली, मीही येते. बामणोलीच्या एसटीत बसलो. तोच घाट. कालचं प्रत्येक वळण खिडकीतून ओळखू येत होतं, मुलीने गाठ सोडली तो कठडासुद्धा. मी मावशीला दाखवला. गाडी वीस-पंचवीस मिनिटांत वर गेली.

सोमवार असल्याने पठारावर गर्दी बेताची. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बोटभर माती, म्हणून इथली झाडं उंच होत नाहीत, पावसाळ्यात उगवून फुलून संपतात. तेरड्याचा गुलाबी, मिकी माऊस नावाच्या फुलाचा पिवळा, मधे गेंदाचे पांढरे ठिपके. आणि ओलसर खळग्यात सीतेची आसवं, जांभळी, नखाएवढी. ती जवळून पाहायची होती. खाली बसायला गेले, मांड्यांनी साफ नकार दिला.

मग मावशी बसली. 72 व्या वर्षी उकिडवी, पदर खोचून, पाऊलवाटेच्या कडेला. एकाही फुलावर पाय पडू दिला नाही. "सांगते तुला," म्हणाली. "दोन ओठ असल्यासारखं आहे. वरचा लहान, खालचा पसरलेला. खालच्यावर पांढरं आहे, टिकलीएवढं. मागे शेपटी आहे बघ बारीक. आणि देठ... देठ आहे की नाही तेच कळत नाही, दोराच आहे." मी तिला सांगितलं, याच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात किडे अडकतात, त्यावर हे जगतं. मावशी बराच वेळ तिथेच बसून राहिली. "एवढंसं आहे," म्हणाली, "आणि शिकार करतं."

मंगळवार

सकाळच्या गाडीने परत. काका स्टँडवर सोडायला आले, पेढ्यांचे दोन पुडे दिले. मांड्या आज सगळ्यात जास्त दुखतायत, हे दुखणं साधारण दुसऱ्या दिवशीच शिखरावर असतं. दहिवडीला खाली उतरले नाही, खिडकीतूनच चहा मागवला.

म्हसवडच्या पुढे मोबाइलला रेंज आली तेव्हा ग्रुपवर लिहिलं. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरून जातो, ती होऊ दे. मग पुढच्या रविवारी पहाटे निघू. गाडीने वर जायचं, दर्शन घ्यायचं, लेस बांधायची आणि घाट पळत उतरायचा.